‘लम्प’ : एका इंग्रजी शब्दाचा व्यवहार

स्मरणिकेसाठी काहीतरी ‘उपयुक्त’ लिहून द्यावे अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे थोडे आढेवेढे घेतले. न्यासाचा पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास आमच्याहून जाणती मंडळी आहेत, आणि देणगीदारांचे ऋण मानण्याचे काम चिटणीसांनी चोख पार पाडले आहे. मग आमच्या वाट्याला उरले काय? उरला एक इंग्रजी शब्द. गेली काही वर्षे तो आमच्या डोक्यात घर करून बसला आहे. शब्द अगदी लहान, ‘लम्प’. शाळेत आम्ही तो ‘लम्प म्हणजे ढेकूळ’ असा घोकला आणि पुढे सारा जन्म त्याचा विचार केला नाही. विचार करण्याची पाळी आली ती न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य समितीत.

समितीचे काम सभासदांस ठाऊक आहेच. अर्ज येतात, त्यांना दवाखान्याचे कागद जोडलेले असतात, आणि दर महिन्याच्या बैठकीत आम्ही पाचसहा जण ते वाचून मदतीची रक्कम ठरवितो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात दोन अर्ज पाठोपाठ आले. पहिला आमच्या बेळगाव तालुक्यातील एका खेड्यातून, ५२ वर्षांच्या एका भगिनीसाठी तिच्या मुलाने केलेला. कागदावर डॉक्टरांनी ‘लम्प’ असे लिहून पुढे डाव्या स्तनाचा उल्लेख केला होता आणि ‘पुढील तपासणीसाठी यावे’ अशी सूचना दिली होती. त्या कागदावरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती. आम्ही मुलास बोलावून विचारले, तेव्हा तो बिचारा खाली मान घालून सांगू लागला. त्याने कोशात पाहिले, ‘ढेकूळ, गोळा’ असे सापडले. पुढचा शब्द त्याला कळला होता. पण आईजवळ तो विषय काढण्याचे धैर्य झाले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरविले की ओझे उचलून अवधाण आले असावे. मग लेप झाले, शेक झाला. दुखत नव्हते, म्हणून कोणी घाई केली नाही.

दुसरा अर्ज शहरातलाच. २२ वर्षांची मुलगी, कागदावर तोच शब्द. इथे उलट झाले. घरात सुतक असल्यासारखी कळा. ठरलेले लग्न मोडावे की काय, इथवर बोलणी गेलेली. तपासणीत ती साधी गाठ निघाली; तरुण मुलींत अशा निरुपद्रवी गाठी पुष्कळदा आढळतात. त्या मुलीचे लग्न झाले, तिला आता दोन मुले आहेत. पहिल्या भगिनीवर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, न्यासाने यथाशक्ति मदत केली, परंतु त्या आज हयात नाहीत. शब्द एकच होता. एका घराने तो फार हलका घेतला आणि दुसऱ्याने फार जड. तेव्हापासून आम्ही या शब्दाच्या मागे लागलो आहोत, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दाचे कूळ. इंग्रजीत तो सुमारे सातशे वर्षे आहे. डच, डॅनिश वगैरे शेजारच्या भाषांत त्याच्यासारखे शब्द आढळतात, पण मूळ निश्चित सांगता येत नाही असे कोशकारच म्हणतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो मळलेल्या कणकेसाठी आला आहे आणि कुंभाराच्या चाकावरील मातीसाठीही आला आहे. हे दोन उपयोग ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. कणीक अजून भाकरी झालेली नाही, आणि माती अजून घट झालेली नाही. आकार यायचा आहे, नाव मिळायचे आहे, तोपर्यंत ती वस्तू ‘लम्प’. आमच्या मते या शब्दाची सारी खोच येथेच आहे. तो वस्तूचे नाव सांगत नाही. काहीतरी घट्ट, वेडेवाकडे एका जागी जमले आहे एवढेच सांगतो.

मराठीचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. आपल्या स्वयंपाकघरात नुसती फेरी मारावी. कणकेचा गोळा, लोण्याचा गोळा, गुळाचा खडा, पण बाजारातून आली ती ढेप, हिंगाचा खडा, मिठाचा खडा, चिंचेचे बुटुक, पिठल्यात झाली ती गुठळी, आणि ती झाली की सासूबाईंच्या कपाळाला आठी. भात पानात वाढला की मूद, हातात दाबला की मुटका. अंगणात गेलो की मातीचे ढेकूळ आणि शेणाचा पो. डोके चौकटीला आपटले तर टेंगूळ, अंगावर पित्ताच्या उठल्या तर गांधी, पू धरला तर गळू, मानेवर वर्षानुवर्षे न दुखता राहिले तर आवाळू, पायाला जखम होऊन जांघेत किंवा हाताला होऊन काखेत सुजले तर अवधाण. रक्ताची मात्र पुन्हा गुठळीच. या सगळ्यांना इंग्रज बहुतेक एकाच शब्दात गुंडाळू शकतो. आपण तसे करू शकत नाही. आपल्याला आधी विचारावे लागते, ‘कशाचा?’ उत्तर मिळाल्याशिवाय मराठीत शब्दच निवडता येत नाही. आणि उत्तर न मिळताच शब्द निवडला, की त्या खेड्यातल्या घरासारखे होते : ‘अवधाण’ म्हटले की ते काय आहे आणि कशाने बरे होते हे सर्व ठरूनच जाते.

इंग्रजांच्या चहाच्या टेबलावर हा शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. ‘एक लम्प की दोन?’ म्हणजे साखरेचे चौकोनी तुकडे किती टाकू. हे तुकडेही फार जुने नव्हेत. पूर्वी युरोपात साखर शंकूच्या आकाराच्या मोठ्या ढेपेत मिळे आणि घरोघरी चिमट्याने किंवा कोयत्यासारख्या हत्याराने फोडावी लागे. १८४३ साली मोरेव्हियातील डाचिचे गावच्या साखर कारखान्याचा व्यवस्थापक याकोब क्रिस्टोफ राड याने चौकोनी तुकडे पाडण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. ढेप फोडताना त्याच्या पत्नीच्या बोटास इजा झाली आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे इंग्लंडात हेन्री टेट याने असल्या तुकड्यांच्या धंद्यात अलोट पैसा मिळविला, आणि १८९७ साली लंडनमध्ये उघडलेले टेट चित्रसंग्रहालय त्याच पैशातून उभे राहिले. धर्मादाय कामास पैसा कोठून कोठून येतो पाहा!

साखरेवरून खनिजाकडे वळणे जरा विचित्र वाटेल, पण हा शब्द आपल्या शेजारी गोव्यात मजुरांच्या तोंडी रुळलेला आहे तो खाणींमुळे. लोखंडाच्या खनिजाचे तेथे दोन भाग करतात, ‘लम्प’ आणि ‘फाइन्स’. साधारण दहा मिलिमीटरहून मोठे खडे ते लम्प, त्याहून बारीक भुगा तो फाइन्स. हा भेद नुसता चाळणीचा नाही. झोतभट्टीत खालून तापलेला वायू वर चढावा लागतो. खड्यांमधून त्याला वाट मिळते. भुगा घातला तर भट्टी गुदमरते. म्हणून लम्प सरळ भट्टीत जातो, आणि भुगा आधी भाजून त्याचे मुद्दाम गोळे करावे लागतात. गोव्याचे खनिज बहुतांशी भुग्याच्या रूपाचे. तेथला माल पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीपासून जपानला व पुढे चीनला मुरगाव बंदरातून गेला. काही वर्षे तर निर्यातीवरील जकातही लम्पला निराळी आणि फाइन्सला निराळी असे. २०११ साली ती सारखी झाली. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले, ते पुन्हा सुरू होते न होते तोच २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, आणि ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचे काय झाले ते त्या बाजूस सोयरिकी असलेल्या आपल्या सभासदांस वेगळे सांगावयास नको. आमच्या विषयापुरते एवढेच, की खाणीवरच्या अशिक्षित मजुराला ‘कशाचा लम्प?’ हे विचारावे लागत नाही. त्याच्या जगात त्या शब्दाला एकच अर्थ आहे, व तो त्याने हातात धरून पाहिलेला आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण आपल्या घरांत हा शब्द अधिक करून शिरला तो पैशाच्या वाटेने. ‘लम्प सम’ म्हणजे एकदम, एकाच वेळी दिलेली रक्कम. जिचा हिशेब तपशीलवार मांडलेला नाही, किंवा हप्त्यांनी दिलेली नाही, अशी. आपल्याकडे बँकेत जाणारी मुले तिला ‘लमसम’ म्हणतात. मराठीत ‘ठोक रक्कम’, ‘एकरकमी’ हे शब्द आहेतच. कामाच्या बाबतीत आपल्या भागात शब्द आहे ‘उक्ते’. विहीर उक्ती दिली, भिंत उक्ती दिली, म्हणजे रोजंदारी नाही. सारे काम मिळून अमुक रुपये. हैदराबादेकडील आमचे नातलग याच व्यवहारास ‘गुत्ता’ म्हणतात आणि ते काम घेणाऱ्यास गुत्तेदार.

उक्त्या कामाचा लाभ काम देणाऱ्यास कळतो : रोज उभे राहून पाहणी करावयास नको. घेणाऱ्यासही कळतो : लवकर उरकले तर चार दिवस वाचले. पण आजारी पडला तर? पाऊस लागला तर? खडक लागला तर? ते सारे त्या एका रकमेच्या पोटात. ब्रिटनमध्ये बांधकाम धंद्यातल्या या पद्धतीचे नावच ‘द लम्प’ असे पडले होते. गवंड्याला नोकर मानावयाचे नाही, स्वतंत्र धंदेवाईक मानावयाचे आणि ठोक पैसे द्यावयाचे, की विमा नाही, रजा नाही, अपघाताची जबाबदारी नाही. १९७२ साली तेथील बांधकाम मजुरांनी देशव्यापी संप केला, त्यांतील एक मागणी ही पद्धत बंद करावी अशी होती. संपातील निदर्शनांबद्दल पुढे श्रूजबरी येथे २४ जणांवर खटले झाले व काहींना तुरुंगवास घडला. ज्यांनी दाद मागितली त्यांच्या शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केल्या, पण केव्हा? २०२१ साली. तोपर्यंत काही जण वारलेही होते.

आपल्या परिसरात या ठोक रकमेचे आणखी एक रूप आहे, ते म्हणजे ऊसतोडणीची ‘उचल’. बीडकडील व मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतील कुटुंबे दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्या उत्तर कर्नाटकात कारखान्यांवर येतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून आगाऊ मोठी रक्कम उचलतात आणि मग सहा महिने तोडणी करून ती फेडतात. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. हाती आलेली रक्कम मोठी दिसते, म्हणून ती किती महिन्यांची, किती जणांच्या कष्टांची, हे पाहावयाचे राहून जाते. मुलीचे लग्न, घराचे पत्रे, आजारपण यांत ती चार दिवसांत संपते.

पांढरपेशांनी यावर हसू नये. आपणही निवृत्तीच्या वेळी तेच करतो, फक्त त्याला ‘पेन्शन विकणे’ म्हणतो. केंद्र सरकारच्या निवृत्त नोकरास आपल्या पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो. तितका भाग दरमहा कापला जातो आणि १५ वर्षांनी पूर्ववत होतो. सरकारी मराठीत याला ‘अंशराशीकरण’ असा भारदस्त शब्द आहे. शब्द जड असला तरी बरोबर आहे. रास करणे म्हणजेच लम्प करणे. ही रास घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचे त्याने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावे. आम्ही पाहिलेला प्रकार एवढाच, की रक्कम हातात आल्याच्या आठवड्यात ज्यांची पूर्वी गाठभेट होत नव्हती असे भाचे-पुतणे भेटावयास येऊ लागतात. ‘लमसम’ आणि मराठीतील ‘लंपास’ या दोन शब्दांत व्युत्पत्तीचा काही संबंध नाही. नुसता नादाचा सारखेपणा आहे, पण अनुभवाने तो पटतो.

नादाच्या सारखेपणावरून आठवले. आमच्या घरातील एका कॉलेजकुमाराने ‘लुम्पेन’ हा शब्द ‘लंपट’वरून आला असावा असे ठासून सांगितले. मासिकांतील टीकालेखांत हा ‘लुम्पेन’ अलीकडे फार दिसतो. तो ना लंपटचा, ना लम्पचा. जर्मन भाषेत लुम्पेन म्हणजे चिंध्या. मार्क्सने समाजातल्या भणंग थरासाठी तो वापरला. तसेच ‘आवडले तर घ्या, नाहीतर लम्प करा’ अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे; तेथील क्रियापद कोशकार वेगळेच मानतात. त्याचा मूळ अर्थ तोंड फुगवून बसणे असा. हे आपल्याला समजावयास कोश नको.

मात्र खऱ्या लम्पपासून निघालेले एक क्रियापद आहे, ते महत्त्वाचे : निरनिराळ्या वस्तू एकाच ढिगात टाकणे, सरसकट धरणे. आपल्याकडे याला ‘सब घोडे बारा टक्के’ म्हणतात. शास्त्रज्ञांतसुद्धा हे दोन पंथ आहेत. प्राणी आणि वनस्पती यांच्या जाती ठरविताना काही जण बारीकसारीक फरकांवरून नव्या जाती पाडतात, काही जण फरक सोडून देऊन एकत्र करतात. १८५७ साली डार्विनने आपला मित्र हुकर यास लिहिलेल्या पत्रात या दुसऱ्या पंथास ‘लम्पर’ म्हटले आहे, आणि दोन्ही पंथ असणे चांगलेच, असा त्याचा अभिप्राय होता. तो शास्त्रापुरता ठीक. पण ‘लम्पर’ या नावाचा एक बटाटाही होता. वेडावाकडा, गाठीगाठींचा, नाव त्यावरूनच पडले असावे. आयर्लंडातील गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ याच एका वाणावर जगत होता, कारण तो निकृष्ट जमिनीतही भरपूर येई. १८४५ साली करपा आला. या वाणाला त्याच्यापुढे टिकाव धरता येईना. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोग यांनी मेली व तितकीच देश सोडून गेली. सारी भूक एका ढिगात बांधली होती, आणि तो ढीगच कुजला.

आता शरीराकडे, म्हणजे जेथून आम्ही निघालो तेथे परत येऊ. भावनेच्या बाबतीत इंग्रज माणसाला दुःखाने घशात लम्प येतो. आपला कंठ दाटतो, आपण आवंढा गिळतो. आपल्याला गोळा येतो तो पोटात, आणि दुःखाने नव्हे तर भीतीने. हे नुसते गमतीचे. परंतु २०२२ साली गुराढोरांच्या अंगावरील गाठींनी आपल्या सर्वांच्याच पोटात गोळा आणला होता. ‘लंपी’ हा शब्द त्या वर्षी खेडोपाडी पोचला. या रोगाची पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात झाली. भारतात तो २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक येथे त्याने थैमान घातले. देवीच्या रोगाच्या कुळातील विषाणू, माश्या-डास-गोचिडांनी पसरणारा, माणसाला न होणारा. पण शब्द परका आणि चेहरा भयंकर. त्यामुळे दूध पिऊ नये अशी हूल उठली आणि आधीच गाय गमावलेल्या शेतकऱ्याचे उरलेले दूधही पडून राहिले. पशुवैद्यक ‘दूध उकळून घ्या, भीती नाही’ असे सांगत होते. आमच्या माहितीच्या एका वृद्ध गवळीबुवांनी मात्र शांतपणे विचारले होते, ‘साहेब, लंपी म्हणजे गाठीच ना? मग गाठी म्हणा की. गाठी म्हटलं की आम्ही लस घेऊ.’

‘गाठी म्हणा की’ हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटले, तरी गाठ हा शब्दही आपल्या भाषेत साधा नाही. इंग्रजीत दोरीची गाठ निराळी आणि शरीरातला लम्प निराळा. मराठीत दोन्ही एकच. लग्नगाठ, गाठभेट, गाठीशी पैसा, गाठोडे ही सारी त्याच कुटुंबातली. दोरीची गाठ बसते तशी सुटते. म्हणून शरीरातील गाठही आज ना उद्या सुटेल, जिरेल, विरघळेल, असे आपल्याला आतून वाटत असते. ‘गाठ जिरली’ असे आपण म्हणतोही. काही गाठी खरोखरच जिरतात. अवधाण जिरते. ज्या जिरणाऱ्या नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा आपण मग वाट पाहत बसतो.

आणि या शब्दाच्या मागे एक जुनी भीतीही आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला, दुसऱ्या वर्षी पुण्यात व पुढे साऱ्या दख्खनात पसरला. त्याला आपल्या लोकांनी नाव दिले ते ‘ग्रंथिक सन्निपात’, ‘गाठीचा ताप’. जांघेत किंवा काखेत गाठ दिसली की माणूस संपला अशी समजूत, आणि दिसली हे सरकारास कळले की त्याला छावणीत नेणार हे ठरलेले. गोरे सोजीर घरात शिरून तपासणी करीत. लोक गाठ लपवू लागले. बायकांच्या बाबतीत तर ती दाखविण्यापेक्षा मरण पत्करले गेले. त्या साथीत पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. प्लेग गेला, छावण्या गेल्या. गाठ लपविण्याची सवय मात्र आमच्या आज्यांनी आमच्या आयांना दिली, आणि त्यांनी पुढे आपल्या लेकीसुनांना.

डॉक्टर कागदावर ‘लम्प’ लिहितो तेव्हा तो काय सांगत असतो? तो रोगाचे नाव सांगत नसतो. ‘माझ्या बोटांना येथे काहीतरी लागले, ते काय आहे मला अजून ठाऊक नाही,’ एवढेच. म्हणूनच त्याच्या पुढे बहुधा ‘तपासणी’ हा शब्द असतो. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे आहे. पण कोणत्या आहेत व कोणत्या नाहीत, हे दुखण्यावरून ठरत नाही, आणि आमच्या लोकांची मोठी चूक होते ती येथे. दुखत नाही म्हणजे साधी, असे ते धरतात. कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखतच नाही. हाताने चाचपणे, फोटो किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तो पाहणे, या तीन गोष्टी मिळून निकाल लागतो. ‘सुई टोचली की गाठ पसरते’ हे आम्ही समितीच्या खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे की आता आमचे उत्तर पाठ झाले आहे : सुईने ती पसरत नाही, ज्या महिन्यांत सुई टोचून घेतली जात नाही त्या महिन्यांत ती पसरते.

यंत्रे नसली तरी नुसत्या शिकलेल्या हातांनी किती होते याचा दाखला मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचे काम हाती घेतले. त्यांतील निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. वीस वर्षांनंतर, २०२१ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी भरले. या सेविका डॉक्टर नव्हत्या. बोटाला काही लागले की पुढे पाठवावयाचे, एवढे त्यांना नेमके शिकविलेले होते.

आमच्या पिढीला ‘स्तन’ हा शब्द सभेत उच्चारण्याची सवय नाही, हे आम्ही कबूल करतो. आम्ही ‘छातीत’ म्हणतो, आणि मग ऐकणारा हृदयाचा विचार करतो. समितीत या एका शब्दावरून अर्धा तास कुजबुज झाल्याचे आम्हांस स्मरते. शेवटी आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्त बाईंनी टेबलावर हात आपटून तो शब्द मोठ्याने म्हटला, आणि बैठक पुढे सरकली.

त्याच बैठकीत अर्जाचा नमुना बदलला. पूर्वी त्यात ‘आजाराचे नाव’ असा रकाना होता, आणि लोक त्यात आपापल्या तर्काने काहीतरी भरीत : अवधाण, वायू, सूज. आता तेथे लिहिलेले आहे, ‘डॉक्टरांच्या कागदावरील शब्द जसाच्या तसा उतरून द्यावा. अर्थ लावू नये.’ शिवाय दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात वाचनालयाच्या आतल्या खोलीत न्यासाच्या एक निवृत्त परिचारिका भगिनी बसतात. कोणीही कागद घेऊन यावे. त्या वाचून दाखवितात, कोठे जावयाचे ते सांगतात, आणि हवे असल्यास सोबत कोणी देतात. मदतीचा अर्ज केलाच पाहिजे असे नाही, पैसे लागत नाहीत, आणि पुरुषांनी बाहेर बसावे. त्यांची एक नोंदवही आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिली नोंद अशी आहे : ‘लम्प, उजवी बाजू, बोराएवढा.’ शेजारच्या रकान्याचे शीर्षक आहे ‘कशाचा?’ तेथे त्या दिवशी काही लिहिले नव्हते. दहा दिवसांनी निराळ्या शाईने लिहिले आहे, ‘साधी. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावयाची.’ आणि त्याखाली सहा महिन्यांनंतरची तारीख व बरोबरची खूण.